बूशेची डायना: अंगाचा रंग चढायला लागला

अंडरपेंटिंग, म्हणजे खालचा पहिला थर, वाळलं, आता खरं काम. नव्याने वाचणाऱ्यांसाठी: मी नक्कल करतोय ते फ्रेंच चित्रकार फ्रान्स्वा बूशेचं, स्नान करून बसलेल्या डायनाचं (रोमन शिकारीची देवी) चित्र, १७४२चं. मूळ पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे आणि आकाराने अगदी आटोपशीर, साधारण ५७ बाय ७३ सेंटिमीटर. मीही कॅनव्हास त्याच मापाचा ताणलाय. माप तेच असलं की कुठे कितवा ब्रश चालला असेल याचा अंदाज लागतो.

रोकोको, म्हणजे बूशेच्या काळातली नाजूक, सजावटी फ्रेंच शैली, म्हटलं की आपण गुलाबी ट्यूब पिळायला घेतो. पण फोटो मोठा करून बघा. खरा गुलाबी फक्त टाचा, गुडघे, बोटांची टोकं आणि गाल एवढ्यातच आहे. बाकी अंग म्हणजे पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि नावापुरता लाल. उजेड संपून सावली सुरू होते तिथली निळसर राखाडी किनार हीच या चित्राची जान. ती असल्यामुळेच शेजारचा पिवळट पांढरा ऊबदार दिसतो. ही किनार मी प्रशियन ब्लूने करतोय, टाचणीच्या डोक्याएवढा घेऊन. जास्त झाला तर सगळं मिश्रण गिळून टाकतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडलेला हा निळा बूशेच्या काळात तसा नवाच होता. त्याचा पांढरा मात्र शिशाचा. माझा टायटॅनियम त्याहून थंड आणि अपारदर्शक, म्हणून ऑकर थोडा सढळ हाताने घालतो.

झाडी झटपट उरकली. निसर्ग फारच हिरवा आहे, अशी बूशेची तक्रार होती म्हणतात. इथे पानंही निळी-राखाडीच आहेत.

डावीकडच्या कुत्र्यांवर मात्र रेंगाळलो. डायनाला आंघोळ करताना पाहिलं म्हणून शिकारी अ‍ॅक्टिऑनचं हरीण झालं आणि त्याच्याच कुत्र्यांनी त्याला फाडलं, ही रोमन कवी ओव्हिडची गोष्ट. चित्रात अ‍ॅक्टिऑन कुठेच नाही. त्याची जागा बूशेने बघणाऱ्याला देऊन टाकलीय, असं माझं मत. त्यामुळे कुत्रे नुसते कोपरा भरायला आहेत असं समजून ते मी धूसर सोडणार नाही.

अंग पुरतं वाळल्यावर निळ्या कापडावर पातळ ग्लेझ, म्हणजे पारदर्शक रंगाचा हात, देईन. मोत्यांची माळ सगळ्यात शेवटी, जाड रंगाने, एका दमात.