नऊ वर्षांनी कन्फेशनला गेलो

नऊ वर्षं मी कन्फेशनला, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली द्यायला, गेलो नाही. चर्चमधली रविवारची उपासना, मिस्सा, चुकवली नाही, पण तिथे वेदीपाशी मिळणारा ख्रिस्तप्रसाद एकदाही घेतला नाही. शेवटच्या बाकावर बसायचो. लोक वेदीकडे निघाले की गुडघे बाजूला घेऊन त्यांना वाट करून द्यायचो. कारण घरचंच होतं. वसईतल्या वाडीचा विहिरीकडचा तुकडा, आणि त्यावरून दादाशी तुटलेलं बोलणं. आईच्या मर्तिकातही आम्ही दोघं दोन बाजूंना उभे होतो.

यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात आरंभीच्या ख्रिस्तसभेतल्या प्रायश्चित्ताबद्दल वाचायला घेतलं आणि धडकीच भरली. चौथ्या शतकात कॅपाडोशियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) कैसरियाचे बिशप संत बेसिल यांनी पत्रांतून नियम घालून दिले होते. जाणूनबुजून खून केला असेल तर २० वर्षं प्रायश्चित्त. पहिली ४ वर्षं प्रार्थनामंदिराच्या दाराबाहेर उभं राहून रडायचं आणि आत जाणाऱ्यांना विनवायचं, माझ्यासाठी प्रार्थना करा. पुढची ५ वर्षं शास्त्रवाचन ऐकून बाहेर पडायचं, ७ वर्षं लोटांगण घालून प्रार्थना. शेवटची ४ वर्षं सगळ्यांबरोबर शेवटपर्यंत उभं राहता येई, पण प्रसाद नाही.

तिथे मी थबकलो. ही तर माझीच जागा! फक्त मी तिथे परस्पर जाऊन बसलो होतो. दारात रडलो नव्हतो, कुणापुढे हात जोडले नव्हते.

बाप्तिस्म्यानंतर असं प्रायश्चित्त आयुष्यात एकदाच मिळे, हे मला अजूनही फार कठोर वाटतं. पण त्याच बेसिलनी लिहिलंय की जो मनापासून पश्चात्ताप करतो त्याची मुदत कमी करणाऱ्या बिशपला दोष देऊ नये. ३२५ च्या नायसिया परिषदेने ठरवलं, मरणाऱ्याला ख्रिस्तप्रसादाची ही शेवटची शिदोरी नाकारायची नाही. आणि रोमची फाबिओला! नवऱ्याला सोडून दुसरं लग्न केलेली ही बड्या घरची बाई, दुसरा नवरा वारल्यावर, पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, आदल्या दिवशी लॅटरनच्या मंदिरात केस मोकळे सोडून पश्चात्ताप करणाऱ्यांच्या रांगेत उभी राहिली. बिशप, धर्मगुरू, सगळे लोक तिच्याबरोबर रडले, असं संत जेरोमनी लिहून ठेवलंय. ते वाचून मीही रडलो.

फादरांकडे गेलो तर त्यांनी एवढंच विचारलं, "दादांकडे जाऊन आलात?"

नव्हतो गेलो. त्याच संध्याकाळी गेलो. वहिनींनी दार उघडलं, मागे दादा. जुळवून ठेवलेलं सगळं विसरलो. तोंडातून निघालं, "दादा, माझ्यासाठी प्रार्थना कर."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दारात काय उभा राहिलास? आत ये."

विहिरीकडच्या तुकड्याची मोजणी अजून व्हायचीय. पण आता दोघं मिळून करू.

कन्फेशन दहा मिनिटांत झालं. प्रायश्चित्त म्हणून फादरांनी ५१ वं स्तोत्र सांगितलं. ते मी चर्चच्या दाराशी उभं राहून म्हटलं.

पवित्र गुरुवारी, ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, प्रसाद घेतला. रोममध्ये प्रायश्चित्त करणाऱ्यांना याच दिवशी परत घेत, पोप पहिले इनोसंट यांच्या ४१६ च्या पत्रात ते आहे. मी रांगेत निघालो तेव्हा बाकाच्या टोकाला बसलेल्या एका तरुणाने गुडघे बाजूला घेऊन मला वाट दिली. वेदीपर्यंत मी त्याच्यासाठीच प्रार्थना करत गेलो.