पोचा काढताना पत्रा वाढवू नका

माडाखाली गाडी लावू नये हे कोकणात कुणाला शिकवावं लागत नाही. तरी मे महिन्यात जुनी पद्मिनी नेमकी माडाखालीच उभी राहते, कारण अंगणात सावली तेवढीच असते. सोडणासकट नारळ सव्वा-दीड किलोचा. १५ मीटरवरून सुटला तर टपावर आदळताना त्याचा वेग ताशी ६० किलोमीटरच्या घरात असतो. टपाला ताटाएवढा पोचा पडतो. इथला दुसरा नेहमीचा पोचा जांभ्याच्या गडग्याचा. अरुंद पाणंदीत वळताना मागचं मडगार्ड चिऱ्याच्या कोपऱ्याला घासतं आणि लांबलचक खोल चर पडते. हातोडी आणि डॉलीने (पत्र्यामागे हातात धरायचा लोखंडी ठोकळा) दोन्ही निघतात, पण दोन्हींची चाल वेगळी.

बहुतेक ठिकाणी सुरुवातच चुकते. आतून मोठी हातोडी घेऊन पोच्याच्या मधोमध ठोकलं जातं. पोचा वर येतो, मालक खूश होतो, पण हात फिरवून बघा: मधे फुगवटा आणि त्याच्याभोवती खळगा. मग तो खळगा लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरायचा, आणि दोन पावसाळ्यांनंतर लांबी उकलली की पुन्हा गॅरेज.

असं का होतं? ताटाएवढ्या पोच्यात खरा मार खाल्लेली जागा रुपयाच्या नाण्याएवढी असते. पत्रा ताणला गेलेला असतो तो तेवढाच. बाकीचा भाग ओढला गेल्यामुळे खाली गेलाय आणि संधी मिळाली तर तो आपणहून वर यायला तयार असतो. त्याला अडवून धरतो तो पोच्याच्या कडेचा वरंबा. तिथे पत्रा दुमडलाय, आणि लोखंड थंड असताना दुमडलं की त्या जागी कडक होतं. तांबट हंड्याला मठारकाम करतात ते याचसाठी, ठोके खाऊन तांबं कडक होतं. म्हणजे पोच्यात सगळ्यात हट्टी जागा कडेची असते, मधली नव्हे. शिवाय मधला खड्डा आधी पडतो आणि वरंबा शेवटी उठतो. काढताना क्रम उलटा: शेवटी उठलेला वरंबा पहिल्यांदा बसवायचा.

हत्यारांवर फार खर्च करायची गरज नाही. ३५० ते ४५० ग्रॅमची डेंटिंगची हातोडी, एक तोंड मोठं आणि किंचित घुमटाकार, दुसरं लहान किंवा टोकदार. एक ते सव्वा किलोच्या दोन डॉल्या, एक चपटी टाचेच्या आकाराची आणि एक गोलाई असलेली. कमानपाट्याचं एखादं पान कापून, कडा गोल करून, बाहेरून थोडा बाक देऊन केलेला स्लॅपर. वाकड्या दातांची बॉडी कानस. जुने डेंटर रेल्वेच्या रुळाच्या तुकड्याची डॉली वापरतात आणि ती उत्तम चालते, फक्त तिच्या कडा मारून घ्यायला हव्यात.

पैशांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे हत्याराचं तोंड. हातोडीच्या तोंडावर जो खड्डा असेल तो प्रत्येक ठोक्यासरशी पत्र्यावर छापला जातो. म्हणून तोंड आणि डॉली बारीक पॉलिश पेपरने आरशासारखी करायची. या हातोडीने खिळा, छिन्नी, बेअरिंग काहीही ठोकायचं नाही. किनाऱ्याजवळच्या हवेत उघडी ठेवलेली डॉली आठवड्यात तांबडी होते आणि गंजाचे बारीक खड्डे पडतात. काम झालं की तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवायची.

डॉली निवडताना बरेच जण गडबडतात. तिची गोलाई पत्र्याच्या मूळ गोलाईपेक्षा किंचित जास्त हवी. मडगार्डच्या फुगीर भागाखाली सपाट डॉली धरली तर तिच्या कडा टेकतात आणि पत्र्यावर चंद्रकोरी उमटतात, ज्या नंतर जाता जात नाहीत.

आता गंज. तालुक्यातल्या घाटमाथ्याच्या बाजूला हा मुद्दा दोन ओळीत संपला असता, पण किनाऱ्यावर सगळं काम यावर ठरतं. ठोकायला घेण्याआधी आतली बाजू उघडी करा. टपाचं काम असेल तर सीलिंगचं कापड उतरवा. मडगार्डच्या आतला वाळलेला चिखल काढा, काळं अंडरकोटिंग हीट गनने मऊ करून खरवडा, मग वायर ब्रश मारून चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा. अंडरकोटिंगवर डॉली धरली तर ठोका रबरात जिरतो. गंजाच्या पापुद्र्यावर धरली तर तेच पापुद्रे पत्र्यात घुसतात. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा, विशेषतः मडगार्डच्या दुमडलेल्या ओठात, दरवाजाच्या तळाशी, फूटबोर्डला आणि टपाच्या पन्हळीत. टोक रुतलं की तिथे हातोडीचा विषय संपला. तेवढा तुकडा कापून नवा पत्रा जोडायचा. गंजाने अर्धा राहिलेला पत्रा ठोक्याखाली चटकन पसरतो आणि सुईच्या भोकांसारखी छिद्रं पडतात. बाहेरून चुंबक फिरवा, जिथे सैल चिकटेल तिथे कुणीतरी आधीच लांबी भरून ठेवलीय. ती सगळी काढल्याशिवाय एकही ठोका नको.

गडग्याला घासलेल्या गाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. चरेत जांभ्याची बारीक खडी आणि तांबडी धूळ अडकलेली असते. ती तशीच राहिली तर हातोडीखाली धातूत ठोकली जाते. आधी धुवा, थिनरच्या फडक्याने पुसा, मग रंग काढा.

सुरुवात टपापासून करू. वाहनाच्या अंगातला टप हा सगळ्यात सपाट आणि म्हणून सगळ्यात नाजूक भाग. मडगार्डला स्वतःची गोलाई असते, ती पत्र्याला सावरून धरते. टपाला तो आधार नाही. आतून रुंद डॉली जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळून पोच्याच्या खोल भागाखाली दाबून धरा. जोर लावायचा, मारायचं नाही. दुसऱ्या हाताने बाहेरून वरंब्यावर स्लॅपर मारत गोल फिरा. स्लॅपरचा मार रुंद जागेवर पसरतो, त्यामुळे वण उठत नाही. बऱ्याचदा वरंबा निम्मा बसला की मधला पत्रा ‘टॉप’ असा आवाज करून स्वतःच वर येतो. इथे थांबून हात फिरवायचा. उरलेलं काम आता पोच्याच्या पाव भागाचंच असतं.

त्यानंतर ऑफ-डॉली. डॉली आतून सगळ्यात खोल जागी दाबलेली, हातोडी बाहेरून शेजारच्या उंच जागी. दोन्हींत दोन-तीन सेंटिमीटर अंतर. ठोका बसला की उंच जागा खाली जाते, आणि दाबलेली डॉली खोल जागा वर ढकलते. धातू दोन लोखंडांमध्ये चिरडला जात नाही, म्हणून ताणला जात नाही. ठोका मनगटाचा, खांद्याचा नाही. हातोडीने उसळून परत यायला हवं. डॉली मुठीत आवळली तर हात दुखतो आणि परिणाम निम्मा होतो.

ऑन-डॉली म्हणजे डॉली बरोबर हातोडीखाली. ही पद्धत शेवटची आणि थोडीच, बारीक लाटा सपाट करण्यापुरती. आवाज ऐका: डॉलीवर नेमका बसलेला ठोका ‘टण्ण’ वाजतो, बाजूला पडलेला ‘ठप’. प्रत्येक ‘टण्ण’ पत्रा थोडा पातळ आणि थोडा मोठा करतो. नवशिक्याच्या हातून पोच्यापेक्षा जास्त नुकसान या ‘टण्ण’नेच होतं. टपावर तर तो शक्यतो टाळावाच.

मडगार्डची चर वेगळी. इथे दगड पत्र्यावरून ओढला गेलाय, त्यामुळे चरेच्या तळाचा धातू खरोखर ताणलेला असतो. टपाप्रमाणे तो आपणहून वर येणार नाही. टाचेच्या डॉलीची अरुंद कड चरेखाली धरा, आणि चर जिथे उथळ होत संपते त्या टोकापासून सुरुवात करा, खोल भागातून नव्हे. चरेच्या दोन्ही बाजूंचे वरंबे आळीपाळीने बसवत मधे या. एका बाजूला पाच-सहा ठोके, मग दुसऱ्या बाजूला. एकाच बाजूला रेटलं तर सगळी चर सरकून शेजारी नवी उठते. जुन्या गाड्यांचा पत्रा साधारण २० गेजचा, म्हणजे ०.९ मिलिमीटरच्या आसपास, आणि मऊ लोखंडाचा. तो हे सगळं सहन करतो. हल्लीच्या गाड्यांच्या पातळ, जास्त ताकदीच्या पत्र्यावर हाच प्रयोग करायला जाऊ नये.

उंच-सखल कळण्यासाठी डोळ्यांवर विसंबू नका. सुती हातमोजा घालून तळहात सपाट ठेवा आणि पोच्याच्या बाहेरून आत, तिरका फिरवा. बोटांच्या टोकांना काही कळत नाही, तळव्याला कळतं. मग कानस हलकेच तिरपी ओढा. चमकलेली जागा उंच, काळी राहिलेली सखल. कानस ही शोधायची वस्तू आहे. उंच जागा तिनेच घासून उतरवणारे कारागीर भेटतात, पण मुळात एक मिलिमीटर नसलेल्या पत्र्यातून घासायचं काय आणि ठेवायचं काय?

सखल ठिपके आतून टोकदार हातोडीने हलकेच टोचून वर घ्यायचे. टोचा जोरात बसला तर बाहेर पुळी येते.

एवढं करूनही अंगठ्याने दाबल्यावर पत्रा डब्याच्या झाकणासारखा टकटक आत-बाहेर करत असेल, तर पत्रा वाढलाय. त्याला राहायला जागा उरलेली नाही. आता तो आवळावा लागतो. गॅसच्या सर्वात लहान नोझलने फुगवट्याच्या शिखरावर १० मिलिमीटरचा एक ठिपका मंद लाल करायचा. जास्त नको, पिवळट झाला तर भोक पडेल. तापलेली जागा फुगू बघते, पण भोवतालचा थंड पत्रा तिला पसरू देत नाही, म्हणून ती तिथल्या तिथे जाड होते. लगेच खाली डॉली धरून ठिपक्याच्या कडेने चार-सहा हलके ठोके द्या. लाली जाऊन काळा पडला की ओलं फडकं टेकवा. गार होताना ती जागा आकसते आणि आजूबाजूचा वाढीव पत्रा ओढून घेते. दुसरा ठिपका पहिला पूर्ण गार झाल्यावरच, आणि पहिल्याच्या शेजारी नको. बॅटरी काढलेली हवी, सीलिंग उतरलेलं हवं, डिकीच्या बाजूचं काम असेल तर पेट्रोलची टाकी काढून बाजूला ठेवलेली हवी. टपावर मात्र गॅस मारू नका, सगळा टप लाटांनी भरतो. तिथे ग्राइंडरला लावायची स्टेनलेस स्टीलची गुळगुळीत श्रिंकिंग डिस्क वापरावी. ती घर्षणाने फक्त उंच जागाच तापवते, लगोलग ओलं फडकं फिरवायचं. वेळ लागतो, पण बिघडण्याची भीती कमी.

पत्रा एक मिलिमीटरच्या आत सरळ आला की हातोडी खाली ठेवा. त्यापुढची हौस बहुतेक वेळा पत्रा वाढवते.

आता पुन्हा हवेशी गाठ. चकचकीत केलेला पत्रा आपल्याकडे रात्रभर उघडा ठेवला तर सकाळी त्यावर पिवळसर थर आलेला असतो. त्यामुळे घासणं आणि एपॉक्सी प्रायमर एकाच दिवशी. धुवायला किनाऱ्यालगतच्या विहिरीचं मचूळ पाणी वापरू नका, त्यातलं मीठ रंगाखाली राहतं आणि ओल खेचत बसतं. नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं गोडं पाणी घ्या, कोरड्या फडक्याने पुसा, हीट गन फिरवून सांध्यातली ओल घालवा, शेवटी थिनर.

लांबी एपॉक्सीवर, उघड्या पत्र्यावर नाही. थर दोन मिलिमीटरपेक्षा जास्त लागत असेल तर पत्रा अजून सरळ झालेला नाही. १०० ग्रॅम लांबीला २ ग्रॅम हार्डनर पुरतो. उन्हाळ्यात पटकन वाळते म्हणून जेवढी पाच मिनिटांत लावून होईल तेवढीच कालवा. लांबी ओल्या पेपरने घासायची सवय इथे सोडूनच द्यावी, ती पाणी पिते आणि ते पाणी खालच्या पत्र्यापर्यंत जातं. कोरडी घासा. नाकातोंडाला मास्क लावा.

जून ते सप्टेंबर ठोकाठोकी खुशाल करावी, प्रायमर मारून गाडी पडवीत झाकून ठेवावी. रंग दसऱ्यानंतर. साधा प्रायमर ओल आत घेतो, म्हणून एवढे महिने थांबायचं असेल तर एपॉक्सीच हवा.

आणि आतली बाजू विसरू नका. ठोकताना आणि तापवताना तिथला सगळा जुना रंग गेलेला असतो. तिथेही एपॉक्सीचे दोन हात, मडगार्डमध्ये त्यावर नवं अंडरकोटिंग, दरवाजाच्या पोकळीत आणि फूटबोर्डमध्ये मेणाचा फवारा. फवारा मारून झाला की तळाची पाणी निघायची भोकं तारेने मोकळी करून घ्या, मेणाने ती हमखास बुजतात.