डेल्फ्ट, ॲम्स्टरडॅम, एन्खाउझेन: डच बंडाच्या वाटेने

डच ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहास पाहायला निघालेले बहुतेक लोक ॲम्स्टरडॅममध्ये उतरतात, कालव्यात बोटीने एक फेरी मारतात आणि परततात. त्यापेक्षा सुरुवात डेल्फ्टपासून करा आणि शेवट उत्तरेला एन्खाउझेनला. आधी धर्माचं भांडण, मग स्पेनच्या राजाविरुद्धचं बंड (तेव्हा हा मुलूख त्याच्या ताब्यात होता), मग समुद्र, हा क्रम त्या वाटेवर नीट लागतो. मुक्काम ॲम्स्टरडॅममध्येच ठेवा. दोन्ही गावं थेट रेल्वेगाडीने साधारण तासाभरावर आहेत.

गाडीसाठी वेगळं तिकीट काढायची गरज नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं काँटॅक्टलेस कार्ड स्टेशनात शिरताना आणि बाहेर पडताना यंत्रावर टेकवायचं. गोंधळ होतो तो दोन ठिकाणी. एक, प्रत्येक माणसाला स्वतंत्र कार्ड लागतं, एका कार्डावर नवरा-बायको जाऊ शकत नाहीत. दोन, जाताना कार्ड टेकवलं आणि उतरताना तेच कार्ड फोनमधून टेकवलं, तर यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी कार्डं ठरतात. मग प्रवास अर्धवट नोंदला जातो आणि जास्त पैसे कापले जातात. रुपे कार्डाच्या भरवशावर जाऊ नका.

डेल्फ्टला रविवारी जाऊ नका. जुनं आणि नवं अशी दोन्ही मोठी चर्चं त्या दिवशी उपासनेसाठी असतात, पर्यटकांना आत सोडत नाहीत. इतर दिवशी दोन्हींचं मिळून एकच तिकीट मिळतं. आत गेल्यावर शोभेच्या काचांआधी एक गोष्ट पाहा: वेदीच्या जागी काय आहे? १५६६ साली प्रोटेस्टंट जमावांनी या प्रदेशातल्या चर्चमधल्या मूर्ती फोडल्या. पुढे सत्ता कॅल्व्हिनपंथी प्रोटेस्टंटांकडे गेली आणि मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, बंद झाली. नव्या चर्चमध्ये जिथे मुख्य वेदी होती, तिथे आज बंडाचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याची हेन्ड्रिक द काइझरने घडवलेली समाधी आहे. त्याच्या घराण्याची दफनभूमी ब्रेडाला होती, पण त्या वेळी ब्रेडा स्पेनच्या ताब्यात असल्याने त्याला इथेच पुरलं. जुन्या चर्चमध्ये पीट हाइनची समाधी आहे. १६२८ साली क्यूबाच्या मातान्झास उपसागरात स्पेनचा चांदीने भरलेला ताफा पकडणारा हा दर्यावर्दी. नौदलाचा सेनानी मार्टेन ट्रॉम्पही तिथेच आहे. संतांच्या मूर्ती गेल्या आणि त्यांच्या जागी आरमाराची माणसं आली, हे इतकं उघड दुसरीकडे कुठे दिसत नाही.

विल्यमचा खून १० जुलै १५८४ रोजी डेल्फ्टमधल्याच प्रिन्सेनहोफमध्ये झाला. ही वास्तू पूर्वी कॅथलिक जोगिणींचा (नन्सचा) मठ होती. भिंतीतली गोळ्यांची भोकं काचेआड जपलेली आहेत. मात्र तिथे मोठं नूतनीकरण हाती घेतलेलं आहे, त्यामुळे उघडं आहे का हे पाहूनच बेत ठरवा.

ॲम्स्टरडॅमने बाजू बदलली ती उशिरा, २६ मे १५७८ रोजी. तोवर शहर कॅथलिक आणि राजनिष्ठ होतं. इथलं जुनं चर्च वेश्यावस्तीच्या मधोमध आहे. आत बऱ्याचदा आधुनिक कलेची मांडणी असते, ती आवडेलच असं नाही. गायनमंडपाच्या जाळीवरचा डच मजकूर मात्र शोधा: देवाच्या मंदिरात हळूहळू शिरलेला गैरप्रकार अठ्ठ्याहत्तर (म्हणजे १५७८) साली काढून टाकला, असं त्यात बजावलेलं आहे. तिथून चालत पाच मिनिटांवर दुसरी बाजू दिसते. यान हार्टमन नावाच्या कॅथलिक व्यापाऱ्याने १६६१ मध्ये घर घेतलं आणि माळ्यावर अख्खं चर्च बसवलं. ‘ऑन्स लीवे हेर ओप सोल्डर’ हे त्या संग्रहालयाचं नाव. उघड मिस्सेला बंदी होती, पण रस्त्यावरून दिसत नसेल तर नगरपालिका डोळेझाक करत असे. जिने अरुंद आणि उभे आहेत. गुडघेदुखी असेल किंवा बाळगाडी असेल तर टाळा.

जहाजांच्या संग्रहालयाबाहेरची ‘ॲम्स्टरडॅम’ या जहाजाची प्रतिकृती छान आहे, पण मूळ जहाज अठराव्या शतकाच्या मध्यातलं. कंपनीच्या सुरुवातीची जहाजं अशीच होती असं समजू नका.

होर्न हे गाव एन्खाउझेनच्या वाटेवरच आहे. चौकात कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटर्सझोन कून याचा पुतळा आहे. १६२१ मध्ये जायफळाच्या मक्तेदारीसाठी आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर कत्तल करवणारा हाच. दोन तास पुरे.

एन्खाउझेनला मात्र पूर्ण दिवस द्या. गावाच्या चिन्हावर तीन हेरिंग मासे आहेत. १५७२ साली हे बंदर लवकर बंडात सामील झालं. १५८० मध्ये स्पेनचा फिलिप दुसरा पोर्तुगालचाही राजा झाला, त्यामुळे लिस्बनहून मसाला आणणं डचांना बेभरवशाचं झालं. १५८५ मध्ये अँटवर्प स्पेनने जिंकलं आणि तिथले प्रोटेस्टंट व्यापारी भांडवल घेऊन उत्तरेला आले. पैसा होता, जहाजं होती, फक्त वाट माहीत नव्हती. ती आणली याच गावात वाढलेल्या यान हुइखेन फान लिन्सखोटेनने. १५८३ पासून सुमारे पाच वर्षं तो गोव्यात आर्चबिशप फोन्सेका यांच्या पदरी होता. पोर्तुगीज खलाशांच्या वाऱ्यांच्या, प्रवाहांच्या, बंदरांच्या नोंदी त्याने जमवल्या. त्या १५९५ मध्ये छापल्या गेल्या आणि त्याच वर्षी डच दर्यावर्दी हुटमनचा चार जहाजांचा ताफा पूर्वेकडे निघाला. मलाक्काजवळ पोर्तुगीज बसलेले, म्हणून जावा आणि सुमात्रामधल्या सुंदाच्या सामुद्रधुनीने जा, हा सल्ला त्याचाच. १६०२ मध्ये कंपनी स्थापन झाली तेव्हा सहा शाखांपैकी एक एन्खाउझेनला मिळाली.

इथलं झाउडरझे संग्रहालय दोन भागांत आहे. आतला भाग ‘पेपरहाउस’मध्ये, म्हणजे कंपनीच्या जुन्या कोठारात. खुल्या जागेतलं जुनं गाव साधारण एप्रिल ते ऑक्टोबरच उघडं असतं, हिवाळ्यात गेलात तर निम्मंच पाहायला मिळेल. बंदरावर १५४० चा द्रोमेदारिस बुरूज आहे. तिथे उभं राहून समोर दिसतो तो समुद्र नव्हे. १९३२ मध्ये बांध घालून झाउडरझे हा उपसागर समुद्रापासून तोडला आणि त्याचं गोड्या पाण्याचं सरोवर झालं. वारा मात्र समुद्राचाच लागतो, जाड जाकीट उन्हाळ्यातही न्या.

निघण्याआधी लिन्सखोटेनच्या १५९६ च्या ग्रंथातली गोव्याच्या बाजाराची आणि शहराच्या नकाशाची चित्रं इंटरनेटवर पाहून ठेवा. जुन्या गोव्याला गेला असाल तर ओळख लगेच पटते. या कथेचं पुढचं टोक आपल्याकडेच आहे: गोव्यावर नजर ठेवायला डचांनी १६३७ मध्ये वेंगुर्ल्यात वखार घातली, तिचे अवशेष आजही गावात आहेत.