‘द’चा गुंता: ‘इतकी’ची चाचणी लागू पडली

इंग्रजीत प्रयोगाचे अहवाल लिहिताना नामाआधी ‘द’ लावायचा, ‘अ’ लावायचा की काहीच नाही, हा माझा गुंता. मागच्या नोंदीतला ‘ऑफ दिसला की आधी द’ हा नियम टायट्रेशनच्या (द्रावणाची संहती, म्हणजे कॉन्सन्ट्रेशन, मोजण्याच्या प्रयोगाच्या) अहवालावर आपटला. ‘द कॉन्सन्ट्रेशन ऑफ द ॲसिड’ बरोबर, पण ‘0.1 एम’ (एम म्हणजे मोलर, संहतीचं एकक) आलं की ‘अ कॉन्सन्ट्रेशन ऑफ 0.1 एम’. ‘ऑफ’ तर दोन्हीकडे आहे! त्यात ‘अ ड्रॉप ऑफ इंडिकेटर’ तिसरीच तऱ्हा.

उकल अँटकाँकमध्ये सापडली. एखादा शब्द मजकुरात जिथे जिथे येतो त्या ओळी एकाखाली एक दाखवणारं लॉरेन्स अँथनी यांचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि या कामाला याहून चांगलं हत्यार नाही. खुल्या शोधनिबंधांतले फक्त ‘मेथड्स’चे भाग साध्या टेक्स्ट फायलींत ठेवायचे, ‘कॉन्सन्ट्रेशन ऑफ’ शोधायचं आणि उजवीकडच्या पहिल्या शब्दावर क्रम लावायचा. आकडे एका गठ्ठ्यात येतात, आणि त्यांच्या डावीकडे ‘अ’ची रांग दिसते: ‘अ फायनल कॉन्सन्ट्रेशन ऑफ…’. पीडीएफमधून मजकूर उचलू नका. दोन स्तंभांच्या ओळी एकमेकींत घुसतात आणि ओळीअखेर तुटलेले शब्द शोधात सापडत नाहीत. एचटीएमएल पानावरूनच घ्या.

ही वाक्यं मराठीत करून पाहिली तेव्हा खरी किल्ली हाती लागली. ‘0.1 मोलर इतकी संहती’: ‘इतकी’ चपखल बसतं, म्हणजे ‘अ’. ‘इंडिकेटरचा एक थेंब’: ‘एक’ बसतं, म्हणजेही ‘अ’. ‘आम्लाची संहती’: इथे ना ‘इतकी’ बसतं ना ‘एक’, नुसता ‘ची’ उरतो, म्हणजे ‘द’. व्हॉल्यूम, मास, टेम्परेचर या सगळ्यांना हेच लागू पडतं: ‘अ व्हॉल्यूम ऑफ 10 मिलि’, पण ‘द व्हॉल्यूम ऑफ द ॲसिड’. ‘ॲट रूम टेम्परेचर’ला मात्र काहीच लागत नाही, ते अख्खंच पाठ करावं.

आपोआप व्याकरण तपासणाऱ्या साधनांवर इथे विसंबू नये. वाक्यातला ब्युरेट (द्रावण मोजून सोडायची काचेची नळी) पहिल्यांदाच आलाय की आधी येऊन गेलाय, हे त्यांना नेहमी कळतंच असं नाही. ‘अ 50 मिलि ब्युरेट वॉज फिल्ड’ आणि पुढच्या वाक्यात ‘द ब्युरेट’, हे आपणच पाहायचं.

‘अ’ की ‘ॲन’ हा प्रश्न मात्र कायमचा मिटला, आणि तोही देवनागरीमुळे. संक्षेप देवनागरीत लिहा: एनएमआर, एचसीएल, एसईएम ‘ए’ने सुरू होतात, म्हणून ‘ॲन’. यूव्ही उच्चारताना आधी ‘य’ येतो, म्हणून ‘अ’. ‘8 एम’ म्हणजे एट, तिथे ‘ॲन’. ‘1 एम’ म्हणजे वन, तिथे ‘अ’. फार सुंदर जमतं हे.

पुढे ‘मे’, ‘सजेस्ट्स’, ‘अपिअर्स टू’ असे विधान सौम्य करणारे शब्द घ्यायचं ठरलं होतं. ते थांबवतोय. कॉक्सहेड यांच्या 2000 सालच्या, अभ्यासाच्या इंग्रजीतल्या शब्दांच्या यादीतल्या 570 शब्दकुलांची (एका मूळ शब्दाची सगळी रूपं मिळून एक कुल) ‘अंकी’ या पाठांतराच्या ॲपमधली कार्डंही बाजूला ठेवतोय, कारण सुटा शब्द पाठ होतो आणि त्याच्या आधीची जागा रिकामीच राहते. आता कार्डावर अख्खं वाक्य, गाळलेली जागा नामाच्या आधी, आणि मागच्या बाजूला मराठी कसोटी. हे लिहिता लिहिता सुचलं: ‘एव्हिडन्स’, ‘इक्विपमेंट’, ‘ग्लासवेअर’ यांना ‘एक’ लावून मराठीत काहीच खटकत नाही, इंग्रजीत मात्र ‘अ’ चालत नाही. तिथे ही किल्ली फसेल. म्हणून पहिली 20 कार्डं त्यांचीच.