गुडघेदुखीची गोळी बंद करताना

गुडघेदुखीसाठी पेनकिलर आणि जोडीला रक्तदाबाची गोळी, अशी जोडगोळी ज्यांची चालू आहे त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिते आहे. माझे दोन्ही गुडघे झिजलेत. हाडांच्या डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक दिलं, त्याने खरंच आराम पडला, जिना चढता येऊ लागला. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी आधीपासून होतीच. दोन्ही डॉक्टर मनापासून बघणारे. पण त्या दोन चिठ्ठ्या एकाच वेळी कुणासमोर आल्याच नव्हत्या.

पहिली खूण पायांवर दिसली. संध्याकाळी मोजे काढले की घोट्याच्या वर खोल वळ उठलेला असायचा आणि नडगीवर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. त्याच सुमाराला घरच्या यंत्रावर वरचा आकडा १५० च्या पुढे जायला लागला. रक्तदाबाची गोळी मी एक दिवसही चुकवलेली नव्हती, त्यामुळे हे कोडंच होतं. पोटाची म्हणाल तर काहीच तक्रार नव्हती. पेनकिलर म्हटलं की आपलं सगळं लक्ष अ‍ॅसिडिटीकडे असतं, मला तर साधी जळजळही नव्हती.

रक्तदाबाच्या डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, "काकू, येताना घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या. चिठ्ठ्या नकोत, गोळ्याच आणा." ही युक्ती मला फार मोलाची वाटते. पिशवी टेबलावर रिकामी केली आणि आम्ही दोघींनी एकेक पाकीट उलटं करून वाचलं. ठळक अक्षरात असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. आत नेमकं औषध कोणतं ते खाली बारीक अक्षरात, आणि गोळ्या तोडता तोडता नेमकी तीच ओळ फाटून जाते. माझ्या गुडघ्याच्या गोळीत डायक्लोफेनॅकबरोबर पॅरासिटामॉलही होतं. सर्दीच्या गोळीत पुन्हा पॅरासिटामॉल. डोकेदुखीसाठी घरात असलेली गोळी आयबुप्रोफेनची, म्हणजे डायक्लोफेनॅकच्याच घराण्यातली. एसेक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब, जास्त डोसमधलं अ‍ॅस्पिरिन ही सगळी त्याच घराण्यातली. यातल्या दोन एकदम घेतल्या तर दुखणं दुपटीने कमी होत नाही, धोका मात्र वाढतो.

मग त्यांनी कागदावर मूत्रपिंडातल्या गाळणीचं चित्र काढलं. केशवाहिन्यांचं एक छोटं गुंतवळ, एका बाजूने रक्त आणणारी वाहिनी, दुसऱ्या बाजूने नेणारी. रक्त आणणारी वाहिनी सैल ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं करतात. आपल्या शरीरात दाह आणि वेदना वाढवण्यातही त्यांचाच हात असतो, आणि पेनकिलर त्यांचं उत्पादनच रोखतं. (हे कोडं ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ साली उलगडलं, १९८२ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आणखी दोघांबरोबर मिळालं.) म्हणजे गुडघा शांत होतो, पण गाळणीकडे येणारी वाहिनी आवळते. टेल्मिसार्टनमुळे पलीकडची, रक्त नेणारी वाहिनी सैल पडते. त्याच गोळीतलं हायड्रोक्लोरोथायझाइड लघवी वाढवतं, त्याने अंगातलं पाणी कमी झालेलं असतं. येणारं रक्त कमी, आतला दाब कमी, वरून पाणीही कमी. मग गाळणी गाळणार कशाच्या जोरावर? तिन्ही औषधं एकत्र आली की मूत्रपिंडाला अचानक इजा होऊ शकते, हे वैद्यकात पक्कं माहीत आहे. माझ्या पायांची सूज आणि चढलेला रक्तदाब हेही पेनकिलरमुळे अंगात मीठ-पाणी साठल्याचंच लक्षण होतं.

रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंड बाहेर टाकतं तो टाकाऊ पदार्थ, मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढतो) १.५ आलं. आदल्या वर्षीचा आकडा ०.९ होता. डायक्लोफेनॅक त्याच दिवशी बंद झालं. रक्तदाबाची गोळी मात्र आपल्या मनाने अजिबात थांबवायची नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं.

पुढचे दिवस कठीण गेले, ते लपवत नाही. गोळी गेली आणि ठणका परत आला. रात्री कुशीवर वळताना जाग यायची. पॅरासिटामॉलने गुडघेदुखीत थोडाच फरक पडतो. तेही दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही, आणि यकृताचा त्रास असेल किंवा वजन कमी असेल तर त्याहूनही कमी. खरा आधार दिला तो डायक्लोफेनॅकच्या जेलने. मी आधी घाबरले, परत तेच औषध? पण त्वचेवर चोळलेल्या जेलमधून रक्तात जाणारं औषध गोळीच्या मानाने साधारण ६ टक्के असतं. गुडघा त्वचेच्या जवळ, म्हणून तिथे ते पोचतं. खुब्यासारख्या खोल सांध्याला त्याचा उपयोग होत नाही. मूत्रपिंड आधीच दुखावलेलं असेल तर जेलसुद्धा विचारूनच. माझं क्रिएटिनिन उतरायला लागल्यावरच मला परवानगी मिळाली.

आणि व्यायाम. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, मांडीचा स्नायू घट्ट आवळून गुडघा खाली दाबायचा, पाच अंक मोजायचे, सोडायचं. पहिल्यांदा तर मांडी थरथरायची. हे इतकं साधं आहे की त्यावर विश्वास बसत नाही, पण मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्याचा भार तो उचलतो. वजनाचंही तसंच: एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. फिजिओथेरपिस्टने हा हिशेब सांगितल्यावर मला वजन उतरवायचा खरा हुरूप आला.

पायांची सूज लवकरच ओसरली, रक्तदाब औषध न वाढवता जागेवर आला आणि क्रिएटिनिन १.० वर उतरलं. सगळ्यांचंच असं भरून येत नाही, म्हणून वेळेवर तपासणं फार महत्त्वाचं.

मधल्या काळात मला पडलेले प्रश्न तुम्हालाही पडतील. अ‍ॅसिडिटीची गोळी सोबत घेतली तर? ओमेप्राझोलसारखी गोळी जठराला चांगलं संरक्षण देते, पण मूत्रपिंडाला आणि रक्तदाबाला तिचा काही उपयोग नाही. जेवल्यावर घेतली तर? पोटाची कुरकुर कमी होते, अल्सरचा धोका जात नाही, कारण ही औषधं रक्तातूनही जठराच्या अस्तरावर परिणाम करतात. इंजेक्शन घेऊनसुद्धा तो टळत नाही. पोटाला सौम्य म्हणून मिळणारी एटोरिकॉक्सिब? रक्तदाब १४०/९० च्या खाली नसेल तर ती द्यायचीच नसते. याच प्रकारातलं रोफेकॉक्सिब हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो म्हणून २००४ मध्ये बाजारातून काढून घ्यावं लागलं होतं.

एक गोष्ट मात्र तुम्ही आजच घरात सगळ्यांना सांगा. या गोळ्यांनी होणारा पोटातला रक्तस्राव बरेचदा आधी काहीही न दुखता होतो. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट झालं, उलटीत रक्त दिसलं किंवा चक्कर येऊन गळून गेलं, तर थांबायचं नाही, सरळ रुग्णालय गाठायचं. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो, पण ते ठरवायचं काम डॉक्टरांचं. तसंच उलट्या-जुलाब सुरू असताना डायक्लोफेनॅकच्या घराण्यातलं पेनकिलर घ्यायचं नाही. डेंग्यूची शंका असलेल्या तापातही नाही. २० आठवड्यांच्या पुढच्या गरोदरपणात डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. आणि कुणाला या गोळ्यांनी कधी दम लागला असेल, तर ते प्रत्येक चिठ्ठीवर लिहून घ्यायचं.

मी पेनकिलरच्या विरोधात नाही. पाय मुरगळला, दात ठणकला, तर धडधाकट माणसाने लहानात लहान डोस मोजके दिवस जरूर घ्यावा. आयबुप्रोफेन आपल्या मनाने घेताना दिवसाला १२०० मिलिग्रॅम आणि सलग १० दिवस ही कमाल मर्यादा. माझी काळजी आहे ती महिनोन्‌महिने चालणाऱ्या गोळीची, जिच्याकडे नंतर कुणी बघतच नाही.

आता घरातल्या प्रत्येकाच्या औषधांची यादी आम्ही आतल्या घटकांच्या नावांनी लिहून ठेवली आहे. तिचा उपयोग आमच्या ह्यांना झाला. त्यांना हृदयासाठी कमी डोसचं अ‍ॅस्पिरिन चालू आहे. दाढ काढल्यावर चिठ्ठीत आयबुप्रोफेन आलं, तेव्हा मी यादी पुढे केली. आयबुप्रोफेन आधी जाऊन बसलं तर अ‍ॅस्पिरिनला रक्तातल्या बिंबिकांवर (प्लेटलेट्सवर, ज्या रक्ताची गुठळी बनवतात) काम करायला जागाच मिळत नाही आणि हृदयाचं संरक्षण कमी पडू शकतं. दातांच्या डॉक्टरांनी यादी नीट वाचली, आयबुप्रोफेनवर काट मारली आणि पॅरासिटामॉल लिहून दिलं.