दरवान, पुढचा भाग: ६१२ फायली काढू का?

सापडलं एकदाचं. दरवान (फायली काढण्याआधी मला विचारणारी माझी स्क्रिप्ट) रोज रात्री ‘६१२ फायली काढायच्या आहेत, काढू का?’ असं का विचारत होता, त्याचं मूळ नारोशंकराच्या पायऱ्यांवर निघालं. म्हणजे अगदी ‘नारोशंकराच्या पायऱ्या’ या (नाशकातल्या गोदाकाठच्या देवळावरून नाव दिलेल्या) फोल्डरच्या नावातल्या ऱ मध्ये.

मांडणी जुन्या मंडळींना पाठ आहे, तरी थोडक्यात. गोदावरीच्या पुरांचे फोटो (१९६९ चे स्कॅन केलेले प्रिंट, २००८, २०१६, २०१९ चे डिजिटल) घरच्या लिनक्स सर्व्हरवर. एक प्रत मावसभावाच्या जुन्या मॅकला लावलेल्या डिस्कवर. तो पंचवटीत बसून डाग-ओरखडे काढतो आणि रात्री आरसिंक (दोन ठिकाणच्या फायली जुळवून सारख्या करणारा प्रोग्रॅम) त्याचं काम इकडे ओढून आणतं. डिलीटचा पर्याय चालू आहे, त्यामुळे तिकडे काढलेलं इकडूनही जातं. म्हणून मध्ये दरवान: आधी ड्राय-रन (काहीही न बदलता नुसती रंगीत तालीम), त्यातल्या ‘डिलीटिंग’च्या ओळी मला दाखवायच्या, मी हो म्हटलं तरच खरी फेरी. समोर टर्मिनल नसेल तर उत्तर ‘नाही’ धरायचं.

पहिला संशय अर्थातच डिस्कच्या केसवर. ऐन वेळी डिस्क सोडून देणारी स्वस्तातली केस आहे ती, दुकानदार मात्र ‘साहेब, केस म्हणजे केस, त्यात काय बघायचं’ म्हणतो. डिस्क माउंट झालेली नसली की आरसिंकला समोर रिकामं फोल्डर दिसतं आणि ते इमानदारीत इकडचं सगळं साफ करायला निघतं. पण त्यासाठीची खुणेची फाईल मी मागेच टाकून ठेवली आहे. ती सापडली नाही तर दरवान सुरूच होत नाही. खूण जागेवर होती. शिवाय आकडा रोज तोच, फोल्डरही तेच.

मागच्या वेळी बऱ्याच जणांनी ‘मॅक्स-डिलीट १०० लाव आणि मोकळा हो’ असं सुचवलं होतं, म्हणजे एका फेरीत शंभरांहून जास्त फायली काढू द्यायच्या नाहीत. लावून पाहा. पहिल्या शंभर उडवून मग थांबतं आणि २५ क्रमांकाचा एरर कोड हातात देतं. आधी शंभर घालवून मग सावध करणाऱ्याला मी दारात उभा करणार नाही.

टर्मिनलवर काही कळायला मार्ग नव्हता. ‘काढणार’च्या यादीत नारोशंकराच्या पायऱ्या, ‘नवीन येणार’च्या यादीतही नारोशंकराच्या पायऱ्या, फायलींची नावं तीच. डोळे फुटेस्तोवर पाहिलं, काना-मात्रेचा फरक नाही. सुगावा लागला तो ज्या लॉगला मी आजवर शिव्या घालत आलो त्याच लॉगमध्ये. क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) चालताना लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, साधं ‘सी’ असतं, तेव्हा आरसिंक देवनागरी छापत नाही, एकेक बाइट ऑक्टलमध्ये (आठाच्या पायावरच्या आकड्यांत) छापतं. दोन ओळी एकाखाली एक ठेवल्या. एकीत मध्येच

\#३४०\#२४४\#२६१

आणि दुसरीत त्याच जागी

\#३४०\#२४४\#२६०\#३४०\#२४४\#२७४

पहिली ओळ म्हणजे युनिकोडमधला अख्खा ऱ. दुसरी म्हणजे साधा र आणि त्यामागे सुटा नुक्ता (अक्षराखालचा टिंब). युनिकोडच्या लेखी दोन्ही एकच, दिसायलाही एकच. पण एचएफएस प्लस (मॅकची जुनी फाइल सिस्टीम) डिस्कवर मॅक नावं अशी फोडून लिहितं आणि लिनक्सची फाइल सिस्टीम एक्स्ट४ मुकाट्याने दिलेले बाइट जपते. त्यामुळे आरसिंकच्या हिशेबी इकडचं फोल्डर तिकडे नाहीच आणि तिकडचं नवंकोरं. आपल्या ळ ला हा त्रास नाही, तो फुटत नाही. ‘दुतोंड्या मारुती’ या नावात तर फुटणारं अक्षरच नाही, म्हणून ते फोल्डर कधी यादीत आलं नाही आणि पायऱ्या मात्र सगळ्या फोटोंसकट आल्या.

उपाय दोन होते. कॉन्व्हएमव्ही (फायलींच्या नावांचं एन्कोडिंग बदलणारं अवजार) वापरून सर्व्हरवरचीच नावं फोडून टाकायची. (या अवजारावर माझा जीव आहे: ‘नोटेस्ट’ असं स्वतःहून लिहिल्याशिवाय ते एकाही नावाला हात लावत नाही, काय करणार तेवढं सांगून गप्प बसतं. ‘खात्री आहे का?’ विचारणाऱ्या दहा खिडक्यांपेक्षा हे बरं.) पण मग मी कीबोर्डवरून ‘पायऱ्या’ शोधलं तर सर्व्हरवर काही सापडणार नाही. तेव्हा तो रद्द.

दुसरा उपाय आरसिंकचाच आयकॉनव्ह पर्याय, जो जाता-येता नावांचं एन्कोडिंग बदलतो: इकडे यूटीएफ-८, तिकडे यूटीएफ-८-मॅक (फोडलेली नावं). आधी आपलं, मग समोरच्याचं; फायली ओढा नाहीतर ढकला, क्रम तोच. घोडं अडलं ते मॅकवर. हा पर्याय आरसिंक ३.० पासूनचा आणि अॅपलने वर्षानुवर्षं २.६.९ च देत ठेवलं. भावाला फोनवर एकेक कमांड सांगत नवं आरसिंक बसवलं.

आणि रात्री दरवान म्हणाला: ‘३ फायली काढायच्या आहेत.’

या तीन मात्र खऱ्या होत्या. १९६९ च्या स्कॅनच्या मूळ टिफ. इतके दिवस ६०९ खोट्यांच्या गर्दीत त्या बसून होत्या आणि कंटाळून एकदा ‘हो’ दाबलं असतं तर गेल्याच असत्या. भावाला फोन केला तर म्हणतो, ‘दादा, त्या लय जड होत्या, मी जेपीजी करून टाकल्या ना!’ ‘नाही’ दाबलं आणि टिफ त्याच्याकडे परत पाठवल्या.

तेव्हा प्रश्नात निव्वळ आकडा दाखवणं बंद. यापुढे यादीचे दोन गट: ‘नाव तेच, बाइट वेगळे’ आणि ‘खरोखर जाणार’. दुसऱ्या गटासाठी ‘वाय’ चालणार नाही, कारण ते बोट विचार न करता दाबतं. बोर्ग हा बॅकअपचा प्रोग्रॅम अख्खी रिपॉझिटरी (बॅकअपचा साठा) पुसण्याआधी पूर्ण ‘येस’ टाइप करायला लावतं, तसं काहीतरी हवं. फोल्डरचं नाव टाइप करायला लावणार होतो, पण फोनवरून एसएसएचमध्ये (सर्व्हरला दुरून जोडून) मराठी टाइप करणं म्हणजे शिक्षा. मग फायलींची संख्या टाइप करायची, असं ठरवलं.

हे लिहिता लिहिता आणखी सुचलं. तिसरा गट हवा: ‘मूळ जातंय, धाकटं येतंय’. एक्स्टेन्शन सोडून नाव तेच आणि नवी फाईल आकाराने बरीच लहान, म्हणजे कोणीतरी मूळ दाबून बारीक केलंय. त्या तीन टिफ यात बरोबर सापडल्या असत्या. संख्या टाइप करायचा बेत मग याच गटापुरता ठेवतो. बाकीच्या काढलेल्या फायली बॅकअप-डिरमध्ये (काढलेलं बाजूला ठेवायच्या जागेत) तारखेच्या फोल्डरात जाऊ देत, चार टीबीमध्ये जागा आहे.

एक शेपूट राहिलंच. जुन्या कीबोर्डवरून टाइप केलेल्या काही नावांत हाच अर्धा ऱ साधा र, हलंत आणि झिरो विड्थ जॉइनर असा बसलाय. दिसायला तसाच, पण युनिकोड त्याला वेगळंच मानतं, त्यामुळे नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) त्याच्यापुढे हात टेकतं. त्यासाठी दरवानमध्ये बदलाची वेगळी ओळ घालावी लागेल.

डिस्क एपीएफएस (मॅकची नवी फाइल सिस्टीम) करावी का, याचाही विचार चालू आहे. तिथे नाव जसं दिलं तसंच राहतं, पण प्रत सर्व्हरवरूनच नव्याने भरावी लागेल, नाहीतर फुटलेली नावंच पुढे येतील. कोणाकडे एपीएफएस डिस्क असेल तर तिच्यावर लिनक्सकडून ‘पायऱ्या’ नावाचं रिकामं फोल्डर पाठवा, परत ओढा आणि ऑक्टल काय येतं ते मॅकच्या आवृत्तीसकट कळवा.