बारा महिने सारखाच भाव

जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत एकच रेघ, कुठे बोटभर वर, कुठे बोटभर खाली. २०२३ सालच्या कांद्याच्या महिनावार सरासरी भावाचा तो आलेख. दोन रविवार घालवून केलेली शीट मी फोनवर उघडून दादाच्या हातात दिली. ओसरीवर बसल्या बसल्या त्यानं ती दोन बोटांनी मोठी केली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, "हा कांद्याचा भाव नाही गं. फेब्रुवारीत आपण रांगडा साडेचारशेनं घातला. इथं फेब्रुवारी नि नोव्हेंबर सारखेच दिसतायत."

निफाड तालुक्यात कांदा पिकवणाऱ्या कुणालाही ते वर्ष विसरता येणार नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव इतके पडले, की १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या कांद्याला राज्य सरकारनं क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, तेही शेतकऱ्यामागे २०० क्विंटलपर्यंत. रांगडा म्हणजे उशिराच्या खरिपाचा कांदा. तो टिकत नाही, त्यामुळे घरात ठेवून वाट बघायची सोयच नव्हती. ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलं आणि लिलाव बंद पडले. दिवाळीच्या तोंडावर भाव चढले, तसं टनामागे ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आलं, आणि ८ डिसेंबरपासून थेट निर्यातबंदी. अशा वर्षाची रेघ सरळ येते, म्हणजे रेघ खोटी.

मी नाशिकला एका कर सल्लागाराकडे काम करते, दिवसभर एक्सेलमध्येच असते. दादाला एवढंच हवं होतं, की उन्हाळ कांद्याची चाळ, म्हणजे कांदा साठवायची शेड, विकायला कधी फोडावी याचा गेल्या काही वर्षांच्या भावांवरून अंदाज यावा. भाव एका संकेतस्थळावर रोज लागतात. ते हातानं उतरवण्यापेक्षा गूगल शीटमध्ये इम्पोर्टएचटीएमएल हे सूत्र वापरू, असं मी ठरवलं. पानाचा पत्ता द्यायचा, 'टेबल' लिहायचं, आणि पानावरचा कितवा तक्ता हवा तो आकडा द्यायचा. एका ओळीचं काम.

पहिल्या फेरीत शीटनं सांगितलं, की आणलेला मजकूर रिकामा आहे. ब्राउझरमध्ये तर तक्ता समोर दिसत होता. हे कोड्यासारखं वाटतं, पण कारण साधं असतं. काही पानं आधी मोकळी येतात आणि भाव मागाहून जावास्क्रिप्ट भरते. आपला ब्राउझर ती जावास्क्रिप्ट चालवतो, शीटचं सूत्र चालवत नाही. त्याला मिळतं ते मोकळं पान. तपासायला अर्धा मिनिट लागतो: पानावर उजवी कळ दाबून मूळ सोर्स उघडायचा आणि समोर दिसणारा एखादा भाव त्यात शोधायचा. सापडला तर सूत्राला तो मिळेल. नाही सापडला तर सूत्र कितीही बदललं तरी काही येणार नाही, उगीच तासभर घालवू नये. मी घालवला.

त्याच संकेतस्थळावर जुने भाव शोधायचं दुसरं पान होतं, ते चाललं. तिथे 'पासून' आणि 'पर्यंत' तारखा निवडल्यावर वरच्या पत्त्यात त्या तारखा दिसत होत्या. ही गोष्ट नीट बघून घ्यावी. तारीख निवडूनही पत्ता तसाच राहत असेल, तर तो पत्ता सूत्राला दिल्यावर आपण निवडलेला काळ येत नाही, पान पहिल्यांदा उघडल्यावर जे दिसतं तेच येतं. तक्त्याचा क्रमांकही अंदाजानं शोधावा लागला. एक घातला तर वरचा मेन्यू आला, दोनवर तारखेचा चौकोन, तीनवर भाव. खाली काही लिहिलेलं असेल तर तक्त्याला पसरायला जागा मिळत नाही आणि रेफची (#REF!) चूक येते, म्हणून या सूत्राला एक कोरी शीट वेगळी द्यावी.

तक्ता आला. शेतमाल, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. आणि बेरीज शून्य. पानावरचे आकडे देवनागरीत होते. आपल्याला ते आकडे वाटतात, शीटनं ती अक्षरं धरली. आकड्यांचा रकाना आपोआप उजवीकडे चिकटतो, मजकुराचा डावीकडे. माझे सगळे भाव डावीकडे चिकटले होते, तिथेच ओळखायला हवं होतं. सब्स्टिट्यूट हे सूत्र दहा वेळा एकात एक घालून मी शून्य ते नऊ बदलून घेतले. मग लक्षात आलं, की त्याच पानाची इंग्रजी आवृत्ती आहे आणि तिथले आकडे सरळ येतात. मराठी पान मागे पडल्याचं वाईट वाटलं. आपल्या भाषेतला आकडा हा आकडाच आहे, तो मोजता आला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पण हंगाम तोंडावर होता, म्हणून इंग्रजी पान घेतलं.

तरीही काही भाव डावीकडेच. चार आकडी भावाची लांबी लेन सूत्रानं मोजली, तर पाच आली. शेवटी एक न दिसणारी जागा होती. ट्रिमनं ती जाईना, कारण ती नेहमीची मोकळी जागा नव्हती. युनिकोड सूत्रानं त्या शेवटच्या अक्षराचा क्रमांक १६० दाखवला, साध्या जागेचा ३२ असतो. वेब पानांवर ओळ तुटू नये म्हणून ही १६० वाली जागा घालतात. सब्स्टिट्यूटमध्ये कॅर (CHAR) १६० देऊन ती काढली, बाहेरून व्हॅल्यू लावलं, आणि सगळा रकाना उजवीकडे सरकला. तो क्षण फार बरा वाटला होता. मी लगेच सरासरी काढली, आलेख काढला आणि शनिवारी गावाला गेले.

आता त्या सरळ रेघेकडे येते. दादानं फोन परत दिल्यावर मी तिथेच ओसरीवर लॅपटॉप उघडला. तारखांचा रकाना पाहिला, तर काही तारखा उजवीकडे, काही डावीकडे. १३ ते ३१ सगळ्या डावीकडे, १ ते १२ सगळ्या उजवीकडे.

शीटच्या सेटिंगमध्ये देश अमेरिका राहिला होता. अमेरिकेत आधी महिना लिहितात, मग दिवस. आपलं ०५/११/२०२३ म्हणजे ५ नोव्हेंबर, शीटनं ते ११ मे वाचलं. ५ ऑक्टोबर गेला १० मेला, ५ फेब्रुवारी गेला २ मेला. म्हणजे माझ्या 'मे' महिन्यात प्रत्येक महिन्याची पाच तारीख येऊन बसली होती, 'जून'मध्ये प्रत्येक महिन्याची सहा. प्रत्येक महिन्याच्या सरासरीत अख्खं वर्ष थोडं थोडं मिसळलं होतं, मग रेघ सरळ येणार नाही तर काय? वर्षाच्या ३६५ तारखांपैकी अशा वाचल्या जाऊ शकतात १४४. त्यातल्या ०१/०१, ०२/०२ अशा १२ तेवढ्या बरोबर, १३२ भलत्या महिन्यात. उरलेल्या २२१ तारखांना तेरावा महिना नसल्यामुळे त्या मजकूर होऊन पडून राहिल्या, आणि सरासरीच्या सूत्रानं त्या मोजल्याच नाहीत. कुठेही लाल खूण नाही, चूक दाखवणारा संदेश नाही. आधीच्या सगळ्या चुकांनी काम अडवलं होतं, हिनं अडवलं नाही. दादानं त्या आलेखावर भरवसा ठेवला असता, तर चाळ कधीही फोडली तरी तेच असं समजून बसला असता. त्या विचारानं मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

दुरुस्ती मात्र लहान. फाइल, सेटिंग, लोकेल, भारत. तारखा पुन्हा आल्या त्या सगळ्या उजवीकडे. इम्पोर्टएचटीएमएलच्या सूत्रात चौथ्या जागी लोकेल वेगळं देण्याचीही सोय आहे. एक्सेलच्या पॉवर क्वेरीमध्ये हाच घोळ निराळ्या जागी होतो. तिथे प्रकार बदलण्याची एक पायरी ते स्वतःच घालतं. ती पुसायची, रकान्यावर उजवी कळ दाबून 'लोकेल वापरून' तारीख करायची आणि इंग्रजी (भारत) निवडायचं. आणि आलेला तक्ता फक्त मूल्यं म्हणून दुसऱ्या शीटमध्ये चिकटवून ठेवायचा, कारण उद्या त्या पानाची मांडणी बदलली तर सूत्रातलं सगळं जाईल.

नवा आलेख आला. फेब्रुवारी-मार्चचा खड्डा, ऑक्टोबर-नोव्हेंबरची चढण. दादा काही बोलला नाही, नुसता फेब्रुवारीवर बोट ठेवून बसला.

वहिनींनी आतून पट्ट्यांचा डबा आणला. व्यापाऱ्यानं दिलेली प्रत्येक पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, त्या तारखेनं लावून ठेवतात. "पाच काढते, बघा जुळतात का," म्हणाल्या. त्या तारीख नि भाव वाचत गेल्या, मी शीटमध्ये त्या दिवसाचा कमीत कमी आणि जास्तीत जास्त दर बघत गेले. चार पट्ट्या त्या दोन आकड्यांच्या मध्ये बसल्या. पाचवीचा भाव त्या दिवसाच्या कमीत कमी दराच्याही खाली होता. माझ्या पोटात गोळा आला, तारखा पुन्हा हलल्या की काय. वहिनींनी पट्टी उजेडात धरली.

"ही गोल्टीची आहे हो, बारक्या कांद्याची," त्या म्हणाल्या. "तो भाव वेगळा लागतो."

शीटमध्ये मी गोल्टीचा वेगळा रकाना केला.